चौदावं टेबल

चौथ्या टेबलापाशी विद्युल्लताबाईंनी पाण्याचा कागदी कप रिकामा केला, दोन बोटांत धरला आणि रस्ता सोडून त्या कचऱ्याचा डबा शोधायला निघाल्या.

रस्त्यावर कपांचा नुसता खच पडला होता. पुढे गेलेल्या हजारो लोकांनी पाणी पिऊन कप जागच्या जागी टाकले होते. बाई त्या खचातून, एकही कप पायाखाली येऊ न देता, साडीचा घोळ सावरून चिखलातून जावं तशा गेल्या. खरं तर अंगात साडी नव्हती. ट्रॅक पँट होती, शर्यतीचा टीशर्ट होता आणि कमरेला पिवळा रुमाल खोचलेला होता. केशरी कोन ओलांडून त्या टेबलांच्या मागे गेल्या, तिथल्या मोठ्या डब्यात कप अलगद सोडला आणि आल्या तशाच परत रस्त्यावर आल्या.

पुढे पळणाऱ्या त्यांच्या सुनेने, मुग्धाने, मान वळवून हे सगळं पाहिलं, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अडतीस सेकंद.

मुग्धाला थांबता येत नव्हतं. तिच्या पाठीवरच्या पिशवीतून एक काठी वर आलेली होती आणि काठीला निळं निशाण. त्यावर लिहिलं होतं साडेसहा तास. या निशाणाच्या मागे मागे जो पळेल तो बेचाळीस किलोमीटर बरोबर साडेसहा तासांत संपवेल, अशी त्यातली खात्री. असं निशाण घेऊन पळणाऱ्याला पेसर म्हणतात. प्रत्येक किलोमीटरला नऊ मिनिटं चौदा सेकंद, ना कमी ना जास्त. पेसरने कुणासाठी थांबायचं नाही, कुणासाठी घाई करायची नाही. मुग्धाचं हे नववं निशाण, आणि आजवर तिचा हिशेब वीस सेकंदांपलीकडे चुकलेला नव्हता.

साडेसहा हे सगळ्यात शेवटचं निशाण. त्याच्या शंभर मीटर मागे एक पांढरी बस सावकाश येत होती. ती ज्याला ओलांडून पुढे जाईल त्याने मुकाट्याने आत बसायचं, कारण तिच्या मागे रस्ता गाड्यांना मोकळा होत होता.

बाकी अबू धाबीच्या या शर्यतीची व्यवस्था म्हणजे विचारू नका. पळणाऱ्याने फक्त आपले पाय घेऊन यायचं. दर अडीच किलोमीटरला पाण्याचं टेबल, त्याच्या पुढे खजूर, केळी, मिठाच्या गोळ्या, थंड पाण्यात भिजवलेले स्पंज. काखेत घासलं तर लावायला व्हॅसलिन, तेसुद्धा आइस्क्रीमच्या काडीवर काढून तयार. सायकलवर डॉक्टर. लग्नात वरपक्षाचीसुद्धा कुणी एवढी सरबराई करत नाही. आणि कप? कप खुशाल रस्त्यावर टाकायचे. उचलायला माणसं नेमलेली होती. पळणाऱ्याचा एक सेकंद वाया जाऊ नये म्हणून हेही ठरवून ठेवलेलं होतं आणि माहितीपत्रकात छापलेलं होतं.

ते माहितीपत्रक इंग्रजीत होतं, अकरा पानी. गुरुवारी संध्याकाळी मुग्धाने ते सासूबाईंना मराठीत करून वाचून दाखवलं होतं. सहाव्या पानावर ती असताना तिची मुलगी शुभ्रा चित्रं काढायचे खडू घेऊन मांडीवर येऊन बसली आणि मुग्धाने पान उलटलं. तेव्हा ते चुकून झालं होतं.

आज चुकून नव्हतं. टाका आई, चालतं. तीन शब्दांचं काम. पहिल्या टेबलापाशी ते तिच्या ओठांवर आले होते. बाई तिथे एका व्हॉलंटियर मुलीशी काहीतरी बोलत होत्या, दोघी हसत होत्या. नेहमीप्रमाणे गाव, आईवडील, लग्न झालं का, चालू असणार. मग बाई कप घेऊन डब्याकडे निघाल्या आणि मुग्धाला केळ्याचं साल आठवलं.

साडेतीन वर्षांपूर्वी, नवीनच इथे आल्या असताना, बाईंनी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, एका झाडाच्या बुंध्याशी केळ्याचं साल टाकलं होतं. झाडाला खत होईल म्हणून. पाचशे दिरहम दंड झाला. म्हणजे जवळजवळ बारा हजार रुपये, असं मुग्धाचा नवरा निखिल घरी येईपर्यंत गाडीत म्हणत राहिला. तेव्हापासून बाई साधं तिकीटसुद्धा पर्समध्ये ठेवून घरी आणत. आताही त्या दंडालाच घाबरताहेत, हे मुग्धाने ओळखलं. आणि तोंड मिटून घेतलं.

कारण मुग्धाला वाटत होतं, आईंना बसने गाठावं.

छे, असं कसं वाटतं आपल्याला, असं म्हणून तिने ते दोनदा झटकून पाहिलं. ते परत येत होतं.

गोष्ट फेब्रुवारीतली. बाईंनी जेवताना पुन्हा तेच काढलं होतं. मला कराडला जाऊ दे. माझं घर आहे, माझ्या मैत्रिणी आहेत. निखिलचे वडील गेल्यावर त्याने आईला इकडे आणलं त्याला आता तीन वर्षं होत आली होती. कराडचा दोन खोल्यांचा फ्लॅट कुलूपबंद होता आणि खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर तो विकत मागत होता. निखिल वैतागून म्हणाला, "एकटी राहणार? तू? जिना चढताना दम लागतो तुला. तू बेचाळीस किलोमीटर पळून दाखव, आई. मग मी फ्लॅटला हात लावत नाही. शब्द आहे माझा."

तो थट्टेत बोलला होता. बाईंनी भात कालवता कालवता विचारलं, "बेचाळीसच ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मुग्धाचे जुने बूट घालून एमबीझेड सिटी या त्यांच्या वस्तीतल्या गल्लीत चालायला लागल्या. महिन्याभराने त्यातलं थोडं पळायला लागल्या. उन्हाळ्यात मॉलमध्ये फेऱ्या मारल्या. वय एकसष्ट. आता डिसेंबर आला होता, डॉक्टर सोमवारी पैसे भरायला तयार बसला होता आणि निखिलने त्याला सांगून ठेवलं होतं, शर्यतीच्या दिवशी, शनिवारी दुपारी कळवतो. निखिल दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतला नव्हता. हीच तर पंचाईत होती.

मुग्धाला आई हव्या होत्या. शुभ्राची शाळेची बस सव्वादोनला येते तेव्हा दार उघडणारं माणूस हवं होतं, हे तर होतंच. ऑफिसात बढती मिळाली ती त्या दाराच्या जिवावर, हेही खरं. पण रात्री ती उशिरा आली की बाई ओट्याशी स्टूल ओढून बसत आणि म्हणत, "जेव तू, मी आहे इथे." ते तिला कुणी कधीच म्हटलं नव्हतं. तेही सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, मग आईलाच सांग ना.

"युअर मदर इज स्ट्राँग, हबीबती," शेजारी पळणारी एमान लाडाने म्हणाली. एमान शाळेत गणित शिकवायची, मूळची इजिप्तची, आणि पहिल्यापासून निशाणाला चिकटून होती.

"मदर-इन-लॉ," मुग्धा म्हणाली.

"मग जास्तच स्ट्राँग," एमान इंग्रजीत म्हणाली आणि स्वतःच हसली. "पण प्रत्येक वेळी ती डब्याकडे का जाते? कुणी सांगत नाही का तिला?"

मुग्धाने घड्याळ पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

मागून पावलांचा आवाज आला. बाई पुन्हा गाठत होत्या. दर वेळी हेच. टेबलापाशी मागे पडायच्या आणि पुढच्या टेबलाच्या आत निशाण गाठायच्या. घामाने कपाळावरचे केस चिकटले होते, चेहरा लाल झाला होता.

"तुझं हे फडकं दिसतंय तोवर मला काळजी नाही बघ," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आणि ती मागची गाडी बघितलीस? तीस वर्षं एसटीच्या खिडकीवर बसून लोकांना पास दिले. गाडी मिळेना म्हणून माणसं रडायची माझ्यापुढे. आणि आता ही गाडी माझ्या मागे लागलीय, बसा बसा म्हणून!"

"बोलू नका आई, दम जातो."

"बरं बाई."

मुग्धाच्या डोक्यात आकडे आपोआप चालत. अकरावं टेबल मागे पडलं होतं. एका टेबलाला चाळीस सेकंद. अकरा टेबलांना सात मिनिटं वीस सेकंद. म्हणजे या डब्याच्या फेऱ्या नसत्या तर आई आत्ताच निशाणाच्या पाऊण किलोमीटर पुढे असत्या. आई थकल्यामुळे मागे पडत नव्हत्या. आपण गप्प बसल्यामुळे पडत होत्या.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला, कॉर्निशवर, निखिल आणि शुभ्रा कठड्याशी उभे होते. शुभ्राने मोठ्या पुठ्ठ्यावर आजी काढली होती, गळ्यात ताटाएवढं पदक घातलेली. बाई तेव्हा शंभर पावलं मागे होत्या.

"मम्मा! व्हेअर इज आजी? इज शी इन द बस?"

"नाही, येतेय मागून."

निखिल कठड्याच्या पलीकडून तिच्याबरोबर पळू लागला. पोट सुटलेलं, हातात कॉफी, चार पावलांत तो दमला.

"होईल गं तिचं? खरं सांग. मला आता वाटायला लागलंय, व्हावं."

मुग्धाने त्याच्याकडे पाहिलं. "तुला फ्लॅट विकायचाय ना?"

"विकायचाय. पण दहा महिने बघितलंय मी तिला. रोज पहाटे बूट घालताना." त्याने कॉफी दुसऱ्या हातात घेतली. "तू आहेस ना तिथे. बघशील तू."

तो मागे राहिला. थोड्या वेळाने शुभ्राची किंकाळी ऐकू आली, "आजी, रन! डोन्ट स्टॉप!" आणि आजूबाजूच्या लोकांच्या टाळ्या. मुग्धा मोजायला लागली, एक ते शंभर, पुन्हा एक ते शंभर.

तेराव्या टेबलापाशी डबा नव्हता.

म्हणजे होता, पण कुणीतरी तो सरकवून पार शौचालयांच्या रांगेपलीकडे नेऊन ठेवला होता. मुग्धाने वळून पाहिलं तेव्हा बाई कप हातात धरून टेबलामागे इकडे तिकडे बघत होत्या. पुन्हा पाहिलं तेव्हा त्या दिसल्याच नाहीत. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्या रस्त्यावर परतत होत्या आणि पांढरी बस नेमकी त्यांच्या शेजारी येत होती. बसचं दार उघडलं. आतली युनिफॉर्ममधली बाई पायरीवर उतरून हात पुढे करत होती. अगदी प्रेमाने, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला गाडीतून उतरवताना देतात तसा.

झालं. मुग्धाला हवं होतं ते झालं होतं. दुपारी निखिल फोन करेल, सोमवारी कागद होतील, सव्वादोनला दार उघडेल. तिने स्वतःच्या आत सुटकेसारखं काहीतरी शोधून पाहिलं. ते सापडलं नाही. मला लाज वाटतेय, असं ती मराठीत मोठ्याने म्हणाली, आणि एमानने चमकून तिच्याकडे पाहिलं.

बाईंनी पायरीवरच्या बाईला नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, मान तुकवून, रीतसर. मग त्या वळल्या आणि पळायला लागल्या. बस त्यांच्या मागे राहिली, दहा पावलं, वीस पावलं. कशा पळत होत्या ते सांगण्यासारखं नव्हतं. खांदे वाकलेले, पाय फाकलेले, पण पळत होत्या.

पुढचे अडीच किलोमीटर मुग्धाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. निशाण पाठीवर फडफडत होतं आणि दर फडफडीला तिला वाटत होतं, बस आली. ती वळून बघत होती. पिवळा रुमाल होता. पुन्हा वळत होती. होता.

चौदाव्या टेबलाशी, पस्तीस किलोमीटरची पाटी होती तिथे, मुग्धा थांबली.

एमान दोन पावलं पुढे जाऊन परत वळली. "काय झालं? पाय?"

"तू जा. मी गाठते."

"पण निशाण?"

"यल्ला, एमान. जा."

एमान गेली. मागचे आठदहा लोक निशाणाकडे आणि मुग्धाकडे गोंधळून बघत पुढे गेले. घड्याळात सेकंद पळत होते. दहा. वीस. मुग्धाने टेबलावरून एक कप उचलला आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

बाई आल्या. तिला उभी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, थांबलीस का? तुला चालत नाही ना थांबलेलं?"

"पाणी घ्या आधी."

बाईंनी पाणी घेतलं. घोट घोट करून प्यायल्या. बसचा आवाज जवळ येत होता. त्यांनी कप रिकामा केला, दोन बोटांत धरला आणि टेबलाच्या मागे पाहिलं.

"टाका आई," मुग्धा म्हणाली. "इथेच टाका, रस्त्यावर. चालतं. दंड नाही. पहिल्यापासून चालत होतं."

बाईंचा श्वास हळूहळू खाली बसत होता.

"माहितीय मला."

"काय?"

"पहिल्याच टेबलावर त्या पोरीनं सांगितलं. सुमैय्या नाव तिचं, हैदराबादची. आंटी, यहीं डाल दो, हम उठा लेंगे. हसली मला."

मुग्धाला काही कळेना. "मग इतका वेळ... डब्यापर्यंत कशाला जात होता तुम्ही?"

"तू सांगतेस का, बघत होते." बाईंनी कमरेचा रुमाल काढून तोंड पुसलं. "गुरुवारी तू पान उलटलंस तेव्हा शुभ्रा मधे आली होती. आज कुणी मधे नव्हतं."

मुग्धाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती काही बोलणार होती, माफी वगैरे, पण बाईंनी ओल्या हाताने तिचं मनगट धरलं, घड्याळावरच.

"नसतं सांगितलंस तर बसले असते मी त्या गाडीत," त्या म्हणाल्या. "मघाशी दार उघडलं तेव्हा मनात आलंच होतं. म्हटलं, पोरगी एवढी धरून बसलीय आपल्याला, उठून कसं जायचं? मग म्हटलं, अजून एक टेबल बघू."

"आई, मला..."

"कळतंय गं. तेरा टेबलं धरून ठेवलंस. माझ्या आईनं लग्नात एवढं धरलं नव्हतं मला."

बस शेजारी आली. पायरीवरची बाई पुन्हा खाली वाकली. विद्युल्लताबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी हातातल्या कपाकडे पाहिलं, क्षणभर घुटमळल्या, आणि हात लांब करून तो रस्त्यावर सोडला. तो जरा गडगडत गेला आणि बाकीच्या कपांत जाऊन थांबला.

"येते गं," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

मुग्धाने डोळे पुसले. पाठीवरचं निशाण सरळ केलं. त्रेपन्न सेकंद उशीर झाला होता आणि सात किलोमीटर बाकी होते, म्हणजे किलोमीटरला साडेसात सेकंद जास्तीचे काढायचे होते. तिने ते काढले. एमान आणि बाकीचे लोक हळूहळू तिच्या हाताशी येत गेले. पुढच्या टेबलावर पाणी घेताना तिने मान वर केली. पिवळा रुमाल निशाणाच्या बराच पुढे होता, आणि तो एकदाही रस्ता सोडून बाजूला गेला नाही.